तान्ह्या पोळ्याचं उभं राहणारं, खुळखुळणारं कार्ड: कापण्यापासून पाकिटापर्यंत

"ताई, सगळं झालं, पण कार्ड बंदच नाही होऊन राहिलं."

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकते. कार्ड हातात घेतलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. सामान चांगलं, कापणं चांगलं, पण क्रम उलटा. आधी चिकटवलं, मग मापलं. उघडून उभ्या राहणाऱ्या कार्डात आणि खिडकीत टिकल्या हलणाऱ्या शेकर कार्डात हे चालत नाही. साधं कार्ड चुकलं तर वर एक फूल चिकटवून झाकता येतं. इथे गोंद वाळला की वाळला.

खाली तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याचं, एकच कार्ड पूर्ण करून दाखवते. बाहेर गोल खिडकी, तिच्यात टिकल्या. आत चाकांवरचा लाकडी बैल उभा राहतो आणि त्याच्यापुढे बोजाऱ्याची (बैल घेऊन आलेल्या मुलाला देतात त्या पैशांची) नोट ठेवायला खिसा. एक जमलं की राखीला आणि संक्रांतीलाही हीच मापं चालतील, फक्त बैलाच्या जागी दुसरं काही येईल.

## आधी चार शब्द पक्के करा

कार्डाची घडी वरच्या बाजूला आहे. खालची कड उचलून कार्ड उघडायचं. उघडल्यावर टेबलावर पडून राहतं ते पान म्हणजे जमीन, उभं राहतं ते पान म्हणजे भिंत. घडीवर दोन चिरा देऊन जो चौकोन पुढे येतो ती डबी. बैल डबीच्या तोंडावर चिकटतो, जमिनीवर नाही. आणि शेकर भिंतीच्या बाहेरच्या अंगाला येतो. हे शब्द लेखभर असेच वापरले आहेत.

## सामान, आणि ते कुठे मिळेल

कागद. बाहेरच्या कार्डाला २५० ते ३०० जीएसएम (आकडा मोठा तेवढा कागद वजनदार), आतल्या पानाला आणि बैलाला २०० ते २२०. शाळेच्या प्रोजेक्टचा पातळ रंगीत कागद डबीला वापरू नका, तो दहाव्यांदा उघडताना फाटतो. तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका छापणारी प्रेस असतेच. तिथे कडेला पडलेले कटपीस मागा. आमच्याकडे ते किलोवर मिळतात आणि कागद दुकानातल्यापेक्षा चांगला असतो. प्रेसवाल्याकडे मोठं कटिंग मशीन असतं, वीस कार्डं करायची असतील तर माप देऊन तिथूनच कापून आणा.

पारदर्शक शीट. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगला वर जी शीट लावतात ती. स्वच्छ, चरे नसलेली बघून घ्या. मिठाईच्या डब्याचं झाकण कापून वापरलेलं मी पाहिलंय. त्याला मुळातच बाक असतो, ते फोमवरून सुटतं.

फोम टेप. दोन्ही बाजूंनी चिकट, साधारण २ मिमी जाड. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, स्टेशनरीत मिळाली नाही म्हणून थांबू नका.

भरायला. शिलाई साहित्याच्या दुकानातल्या चपट्या टिकल्या, बारीक मणी. जास्त लागणार असतील तर नागपूरला जाणाऱ्या कोणाला तरी इतवारीतून आणायला सांगा.

हत्यारं. कटर आणि नवं पातं, स्टीलची पट्टी, संपलेली बॉलपेन (घडीची रेघ दाबायला), सुई, मास्किंग टेप, पांढरा गोंद, १२ मिमीची पातळ डबल टेप, टाल्कम पावडर, जुना मऊ ब्रश.

डाय (कागद ठरलेल्या आकारात कापणारा धारेचा साचा) आणि मशीन. हाताने फिरवायचं रोलर मशीन पुरे, त्याला वीज लागत नाही. आमच्याकडे पोळ्याच्या सुमारास दिवसातून किती वेळ लाइट जाते ते सांगायला नको. चौघींनी मिळून एक मशीन घ्यावं, प्रत्येकीने एकेक घेऊ नये. डायचा खर्च करताना मोह आवरा. फुलपाखरांचे आणि नाताळच्या झाडांचे सेट पुष्कळ दिसतात, पण आपलं काम एकात एक बसणाऱ्या गोलांच्या आणि लंबगोलांच्या सेटवर चालतं. चाकांवरच्या बैलाची डाय शोधत बसू नका. तो गोल आणि लंबगोलांतूनच कसा निघतो ते पुढे आहे.

> सावधान: खिडकीत धान्य भरू नका. मी एकदा हौसेने ज्वारीचे दाणे भरले होते. दिवाळीपर्यंत आत सोंडे फिरत होते. तीळ आणि मोहरी तेल सोडतात, वाळवलेल्या पाकळ्या आतून वाफ धरतात. घुंगरू जाड पडतात.

## पावसाळ्याची तयारी: आदल्या रात्री

पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे भर ओलाव्यात. कागद सादळलेला असेल तर डाय त्याला कापत नाही, चेपते. आणि गोंद लावल्यावर पान पापडासारखं वळतं. कापायच्या आदल्या रात्री कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि सोबत बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. सकाळी लागतील तेवढेच कागद बाहेर काढा.

उन्हाळ्यात उलटं होतं. टिनाच्या खोलीत डबल टेपचा गोंद पातळ होऊन कडेने बाहेर येतो. तेव्हा काम सकाळी दहाच्या आत उरकायचं.

## पायरी १: मापं लिहा, मग कापा

हे कागदावर लिहून समोर ठेवा:

- बाहेरचं कार्ड: २८ × १४ सेंमी, घडी मधोमध, बंद झाल्यावर १४ × १४
- आतलं पान: २७.४ × १३.४ सेंमी, घडी मधोमध
- शेकरची चौकट: १३ × १३ सेंमी, मधे ६.५ सेंमीची गोल खिडकी
- खिडकीमागचं चित्र: ९ × ९ सेंमी
- पारदर्शक शीट: ८.५ × ८.५ सेंमी
- खिसा: ८ × ७.५ सेंमी, शिवाय तीन बाजूंना १ सेंमीची पाळ

बाहेरचं कार्ड ए-फोर कागदातून निघतं आणि खाली सात सेंमीची पट्टी उरते. तिच्यातून बैलाचे तुकडे काढा.

एक गोष्ट मात्र कापण्याआधीच बघायची असते, ती म्हणजे कागदाची रेष, कागदातले तंतू ज्या दिशेने जातात ती. कागदाचा तुकडा दोन्ही दिशांनी हलकासा वाकवून पाहा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्या दिशेला समांतर घडी स्वच्छ पडते. ए-फोर कागदात रेष बहुधा लांब बाजूने जाते आणि आपली घडी आडवी आहे, म्हणजे रेषेच्या विरुद्ध. म्हणून कधीकधी घडीवर रंग तडकून आतलं पांढरं दिसतं. प्रेसमधून मोठ्या शीटचे तुकडे कापून आणत असाल तर रेष १४ सेंमीच्या बाजूने ठेवायला सांगा. ए-फोरच असेल तर घडीची रेघ एकदा जोरात मारण्यापेक्षा हलक्या हाताने तीनदा मारा.

## पायरी २: जुन्या पत्रिकेचा नमुना

ही पायरी सगळे गाळतात. घरात पडलेल्या जुन्या लग्नपत्रिकेतून आतलं पान त्याच मापाने कापा, डबी काढा, बैलाच्या जागी नुसता चौकोनी तुकडा टेपने लावा. पाच वेळा उघड-बंद करा. अर्धा तास जातो. मग रंगीत कागदाला हात लावा.

## पायरी ३: डायने कापणं

मशीनचे थर खालून वर असे: बैठक, कापायची पाटी, पातं वर करून डाय, त्यावर कागद, वर दुसरी पाटी. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत थर वेगळे असतील तर तेच धरा. नियम एकच: डायचं धारेचं तोंड कागदाकडे. माझ्या पहिल्या दिवशी मी डाय पालथी ठेवली, मशीन कर्र वाजलं, कागदावर नुसता वळ उठला आणि पाटीला कायमचा चरा पडला. ती पाटी अजून आहे, शिकवताना दाखवायला उपयोगी पडते.

डाय पाटीवर अगदी सरळ ठेवू नका, जरा तिरकी ठेवा. सरळ ठेवली तर लांब धार एकदम रोलरखाली येते आणि हँडल अडतं. जोर लावून फिरवायचं नाही. अडलं तर मागे घ्या, थर मोजा.

एखाद्या कोपऱ्यात कापलं नाही तर कागद ओढून फाडू नका. थर तसेच ठेवून वर एक साधा कागद सरकवा आणि पुन्हा फिरवा. पाटी वापरून वापरून वाकते, म्हणून दर दहा-बारा कापांनंतर ती उलटी करून घ्या. चमकीचा जाड कागद शेवटी कापा. त्याची खर पाटीवर राहते आणि पुढच्या कागदावर टोचे उठतात.

खिडकी कापताना चौकटीचा मध्य पेन्सिलने मागच्या बाजूला काढा आणि डाय मास्किंग टेपने बसवा. टेप आधी एकदा ओढणीला चिकटवून काढा, म्हणजे कागदाचा पापुद्रा निघत नाही. खिडकीच्या चारही बाजूंना किमान दीड सेंमी कागद राहिलाच पाहिजे, नाहीतर फोमला जागा उरत नाही.

मशीन नसेल तर गोल वाटी उलटी ठेवून पेन्सिलने आखा आणि कटरने कापा. कटर जागेवर ठेवून कागद फिरवायचा, मग गोल ठेचकाळत नाही.

> तपासा: सगळे तुकडे कापून एका ताटात मांडा. यादीशी ताडून पाहा. चिकटवायला बसल्यावर तुकडा कापायला उठलात तर हाताचा गोंद नक्की कुठेतरी लागणार.

## पायरी ४: घड्या आणि डबी

दोन्ही कागदांवर मधली घडी पट्टी धरून, संपलेल्या बॉलपेनने दाबा. मग दुमडा आणि चमच्याच्या पाठीने हलकं घासा.

आता आतल्या पानावर डबी. पान सपाट उघडं ठेवा. घडीच्या मधोमध ३ सेंमी रुंदी खुणा करा. त्या दोन खुणांवरून घडीला छेदणाऱ्या दोन चिरा: प्रत्येक चीर घडीच्या वर ३ सेंमी, खाली ३ सेंमी, एकूण ६. चिरांची वरची टोकं जोडणारी रेघ आणि खालची टोकं जोडणारी रेघ फक्त दाबायची, कापायची नाही. पान अर्धवट दुमडून मधला भाग बोटाने आतून पुढे ढकला. डबी बाहेर येते. त्या भागातली मधली घडी आता उलट्या दिशेने वळली पाहिजे.

चिरा दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. एक चीर ३ आणि दुसरी ३.२ झाली की डबी पिळवटते, आणि कार्ड बंद करताना "कट्" असा आवाज येतो. हा आवाज आला की थांबा. त्या पानाला दुरुस्ती नाही, नवं घ्या.

### बैल किती उंच असावा?

कार्ड बंद न होण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे, म्हणून जरा थांबून समजून घ्या. कार्ड मिटताना डबीचं तोंड जमिनीवर आडवं पडतं. त्याचा पाय घडीपासून ३ सेंमीवर आहे, कारण डबी ३ सेंमी खोल आहे. बैलाचं डोकं तिथून पुढे, कार्डाच्या उघड्या कडेकडे पडतं. म्हणजे:

डबीची खोली + बैलाची उंची + अर्धा सेंमी मोकळं, हे सगळं १४ सेंमीच्या आत.

१४ मधून ३ आणि अर्धा गेला, उरले साडेदहा. बैल साडेदहा सेंमीपेक्षा उंच झाला की शिंगं कार्डाबाहेर डोकावतात. मग आपल्या बाया शिंगं कापतात. बैल आधीच छोटा करा ना! आपण तो नऊच्या आसपास ठेवणार आहोत.

बैल नुसता उंचच नाही, जाडही होतो. आत कुठेही फोम टेप लावायची नाही. बैलाला उठाव यावा म्हणून मागे फोम लावला की कार्ड कायम आ वासून राहतं.

## पायरी ५: गोलांमधून बैल

धड: ६.५ × ३.५ सेंमीचा लंबगोल, पांढरा किंवा तपकिरी.
वशिंड: २ सेंमीचा गोल, अर्धा धडामागे दडलेला.
डोकं: २.५ सेंमीचा लंबगोल, तिरका.
पाय: १ सेंमी रुंद चार पट्ट्या, दिसताना २ सेंमी.
पाट: पायांखाली ७ × ०.८ सेंमीची पट्टी.
चाकं: १.८ सेंमीचे दोन गोल, पाटाच्या दोन टोकांना.

शिंगांची गंमत अशी: २.५ सेंमीचा गोल कापा. तीच डाय त्या गोलावर सहा मिलिमीटर सरकवून पुन्हा कापा. उरते ती चंद्रकोर. कोर डोक्यामागे उभी लावली की दोन शिंगं झाली. त्यांच्या टोकांना बेगड.

झूल पातळ कागदाची करा आणि धडावर थेट गोंदाने लावा, थर वाढवू नका. डोळा पेनने. माळ, बाशिंग ज्याच्या त्याच्या हौसेनं, पण एकावर एक तीन थरांच्या वर जाऊ नका.

पायांच्या मधून मागची डबी दिसते, हे चिकटवल्यावर लक्षात येतं. म्हणून आतलं पानच हिरवं घ्या, डबी गवतात मिसळून जाते. पान पांढरं असेल तर डबीच्या तोंडावर आधी हिरवा तुकडा लावा.

बैल डबीवर अजून चिकटवू नका. मास्किंग टेपच्या गोळीने तात्पुरता बसवा. चाकांची खालची कड जमिनीपासून १ ते २ मिमी वर हवी. चाक जमिनीला टेकलं की मिटताना ते घडीत घुसतं आणि डबी वर उचलली जाते.

> तपासा: आता कार्ड पाच वेळा मिटा. प्रत्येक वेळी तिन्ही कडांनी पाहा. काही डोकावतंय का? बैल कुठे अडतोय का? सगळं ठीक असेल तर बैलाची जागा पेन्सिलने खुणा करून बैल काढून ठेवा.

## पायरी ६: लिहिणं, खिसा, दोरा

लिहायचं आत्ताच. बैल लागल्यावर पेन आत जात नाही. भिंतीवरच्या मजकुराचा पाय घडीकडे येतो. दर वर्षी कोणीतरी उलटं लिहितं आणि कार्ड उभं केल्यावर "तान्ह्या पोळ्याच्या शुभेच्छा" शीर्षासन करत असतात. जेल पेन दमट हवेत लवकर वाळत नाही, हात फिरवण्याआधी थांबा.

खिसा जमिनीवर, घडीपासून ५ सेंमी सोडून. तोंड उघड्या कडेकडे. ८ × ७.५ चा खिसा घेण्याचं कारण नोटा. शंभराची नोट १४.२ सेंमी लांब आणि ६.६ रुंद आहे, एक घडी घातली की आरामात बसते. पाचशेची १५ सेंमी, तीही अर्ध्यावर बसते. नाणी घालू नका. एकावन्न द्यायचे असतील तर एक रुपया मुलाच्या हातात द्या.

आता दोरा. भिंतीवर बाहेरून शेकरचं वजन येणार आहे, त्यामुळे कार्ड मागे कलून सपाट पडतं. हा दोष लोक डबीवर ढकलतात, पण दोष वजनाचा असतो. दोन्ही बाजूंना, कडेपासून १ सेंमीवर, घडीपासून ५ सेंमी अंतरावर भिंतीला एक आणि जमिनीला एक असं सुईने भोक पाडा. दोन भोकांमध्ये ७ सेंमी दोरा मोकळा राहील असा ओवा, टोकं दोन-दोन सेंमी मागे घेऊन टेपने पक्की करा. म्हणजे एका बाजूला ११ सेंमी दोरा लागतो. सात सेंमीचा दोरा ताणला की पान बरोबर काटकोनात थांबतं. दोरा शिलाईचाच घ्या. लोकर जाड पडते.

टोकं आतल्या पानाच्या मागे दडतात, म्हणून हे काम आतलं पान बाहेरच्या कार्डाला चिकटवण्यापूर्वीचं. नंतर आठवलं तर दोरा सोडून द्या, पान उचकटायला जाऊ नका.

## पायरी ७: शेकर

बाहेरच्या कार्डाच्या आत अजून काहीच चिकटलेलं नाही, आणि तेच बरोबर आहे. शेकर दाबून बसवावा लागतो. आत बैल असेल तर तो दाबाखाली चेपतो. म्हणून शेकर आधी, आतलं पान नंतर.

१. खिडकीमागचं चित्र (निळं आभाळ, खाली कपाशीचं रान, काहीही) कार्डाच्या बाहेरच्या अंगावर डबल टेपने लावा. पाणी असलेला गोंद नको, चित्राला लाटा येतात. चौकट कोरडी ठेवून खिडकीतून सगळं दिसतंय ना ते बघा आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांच्या खुणा करा.

२. चौकट पालथी ठेवा. पारदर्शक शीट मऊ कापडाने पुसा, फक्त कडा धरा. चौकटीच्या मागे, खिडकीभोवती पातळ डबल टेप, त्यावर शीट. झटपट चिकटणारा इन्स्टंट गोंद इथे कधीही वापरू नका. त्याची वाफ शीटवर पांढरा थर धरते आणि तो पुसला जात नाही.

३. फोमचं कडं. टेप ५ मिमी रुंद पट्ट्यांत कापा. खिडकीच्या कडेपासून ३ मिमी बाहेर, गोल फिरवत लावा. वळवताना फोम सुरकुतत असेल तर दीड-दोन सेंमीचे तुकडे करा आणि टोकाला टोक घट्ट भिडवा. केसाएवढी फट राहिली तरी टिकल्या तिथून निघतात. आज नाही निघणार; पोळ्याच्या दिवशी मुलगा कार्ड हलवेल तेव्हा निघतील. शंका असेल तिथे बाहेरून दुसरा तुकडा लावा. मग चौकटीच्या चार कोपऱ्यांनाही फोमचे तुकडे, नाहीतर चौकट कोपऱ्यात खाली बसते.

४. पावडर. फोमच्या आतल्या कडेला गोंद उघडा असतो, टिकल्या तिथेच जाऊन चिकटतात आणि हलतच नाहीत. ब्रशला किंचित टाल्कम पावडर लावून ती कड आणि शीट दोन्ही पुसून घ्या. शीट घासली की तिच्यात वीज धरते, पावडरने तीही जाते. जास्त झाली तर खिडकीत धुकं दिसतं. कोरड्या ब्रशने झटका. फोमच्या वरच्या कागदाला अजून हात लावू नका, नाहीतर पावडर तिथे बसेल आणि चिकटणारच नाही.

५. भरणं. साडेसहा सेंमीच्या खिडकीला पंचवीस-तीस टिकल्या आणि थोडे बारीक मणी. पाव चमचा. खिडकीचा तिसरा हिस्सा भरला की पुरे. ठासून भरलं की काही हलत नाही, मग शेकर कशाला? मणी फोमपेक्षा बारीक हवेत. फोम २ मिमी आहे तर दीड मिमीच्या वरचा मणी नको. मोठे मणी घालायचेच असतील तर फोमचे दोन थर. तोरणासाठी आंब्याची इवली पानं हिरव्या कागदातून कापून घातली तर छान दिसतात.

> तपासा: फोमवरचा कागद न काढता, कार्ड वरून हाताने दाबून धरा आणि सगळं उभं करून हलवा. टिकल्या पडतायत का, चिकटतायत का, कमी वाटतात का? बदल करायची ही शेवटची संधी.

६. बंद करणं. इथे निम्मी कार्डं बिघडतात, कारण लोक टिकल्या भरलेली चौकट उचलून कार्डावर पालथी घालायला जातात. टिकल्या सांडणारच. उलट करा. चौकट टेबलावर पालथीच राहू द्या, कार्ड तिच्यावर उतरवा. टिकल्या मधोमध गोळा करा, फोमवरचा कागद काढा, एखादी टिकली फोमवर चढली असेल तर चिमट्याने उचला. मग कार्ड सपाट उघडं धरून, चित्राचं तोंड खाली करून, खुणांशी चौकटीची एक कड जुळवा आणि हळूहळू पूर्ण खाली आणा. फोम एकदा चिकटला की सरकत नाही. हात थरथरत असेल तर स्टीलच्या पट्टीची कड टेबलावर पक्की धरा आणि दोन्ही कागद तिला टेकवून खाली आणा.

दाबायचं ते फोमच्या रेषेवर, खिडकीवर नाही.

## पायरी ८: आतलं पान बसवणं

बाहेरचं कार्ड उघडं, शेकर खाली मऊ टॉवेलवर. आतल्या पानाच्या जमिनीच्या मागे गोंद, कडेला पातळ आणि मधे तीन-चार रेघा. डबीच्या मागे आणि तिच्याभोवती अर्धा सेंमी गोंद नको. तिथे लागला की डबी कार्डाला चिकटून बसते आणि पुढे येतच नाही. हे तुम्हाला अर्ध्या तासाने कळतं, म्हणून आत्ताच पेन्सिलने तो भाग आखून ठेवा.

घडीला घडी जुळवून जमीन चिकटवा. आता भिंत हाताने मोजून लावू नका. आतलं पान मिटा, भिंतीच्या पाठीवर (ती आता वर आली) गोंद लावा, आणि बाहेरचं कार्ड त्यावर मिटवा. भिंत आपोआप जागेवर बसते. दहा मिनिटं थांबा, वर वजन ठेवू नका, तळहाताने कडा दाबा. मग उघडा.

शेवटी बैल, पेन्सिलच्या खुणेवर. गोंद फक्त डबीच्या तोंडाला. कार्ड काटकोनात उभं करून वाळू द्या. कोरड्या हवेत अर्धा तास, पावसात रात्रभर. घाईने मिटलं तर बाहेर आलेला गोंद बैलाला भिंतीशी चिकटवतो; भीती वाटत असेल तर मधे बटर पेपरचा तुकडा ठेवा.

## काय बिघडलं आणि का

कार्ड आ वासतं: आत फोम आहे, बैलाचे थर जास्त आहेत, किंवा आतलं पान बाहेरच्या घडीपासून सरकलंय. पहिली दोन दुरुस्त होतात, तिसरं नाही.

बैल एका बाजूला कलतो: बैल डबीवर तिरका लागलाय, किंवा चिरा असमान आहेत. घडीला लागून पट्टी धरून पाहा, लगेच कळतं.

टिकल्या एका कोपऱ्यात अडकतात: फोमची कड उघडी राहिली. आता उघडता येणार नाही. चौकटीवर बोटाने टिचक्या मारा, थोड्या सुटतील.

शीटवर आतून बोटाचा ठसा: हा कोणाचाच जात नाही, माझाही गेला नाही. खिडकीच्या कडेला कागदी तोरण लावून झाकता येतो.

## पाकीट आणि टपाल

१४ × १४ च्या कार्डाला शेकरमुळे जाडी येते, म्हणून पाकीट किमान १५ × १५ घ्या आणि आत एक ताठ पुठ्ठा घाला. बाजारात चौकोनी पाकीट मिळालं नाही तर प्रेसमध्ये लग्नपत्रिकेची पाकिटं पाहा. वजन टपाल खात्याच्या काउंटरवर करून घ्या, अंदाजाने तिकीट लावू नका. टपालाने जाणाऱ्या कार्डाच्या खिशात नोट ठेवू नका; बोजारा हातात द्यायचा असतो.

घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर मणी-टिकल्या घालू नका, मोठे कागदी गोल घाला. एवढी लहान मुलं शीट चावून फोडतातच.

आणि पाकिटात कार्ड घालताना खिडकी तिकिटाच्या खाली येऊ देऊ नका. शेकरचं तोंड पाकिटाच्या मागच्या बाजूला ठेवा. टपालाचा शिक्का तिकिटावर दणकून बसतो, आणि मागच्या वर्षी अमरावतीला पाठवलेल्या एका कार्डाची शीट नेमकी त्याच्याखाली फुटली होती.